मापाच्या वहीतला हिशोब: काळाचौकीच्या एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरातलं आहे. चौघांना विचारून लिहितेय, नावं घालणार नाही असं कबूल केलंय, त्यामुळे ताई, भाओजी, भाचा आणि भाची एवढंच म्हणते. मी चोवीस वर्षं एका पतपेढीत काम केलं, लोकांच्या घरचे हिशोब रोज डोळ्यासमोरून जायचे, पण बहिणीच्या घरात काय चाललंय ते मला भाच्याचं लग्न ठरेपर्यंत कळलं नाही, याचं वाईट वाटतं.

आधी घर कसं आहे ते सांगते कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. भाओजींचे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले त्यातले ते एक, आणि नंतर परत कधी गिरणीत गेलेच नाहीत. ते वारल्यावर कितीतरी वर्षांनी, २०१२ च्या म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या सोडतीत त्यांच्या नावाच्या अर्जाला घर लागलं, आजीच्या म्हणजे भाओजींच्या आईच्या नावावर ताबा मिळाला. २२५ चौरस फूट. एक खोली, एक किचन, आत संडास-बाथरूम, चौदावा मजला. पेढे वाटले होते आम्ही, आणि वाटायलाच हवे होते, चाळीतल्या खोलीतून स्वतःच्या मालकीच्या घरात जाणं ही त्या पिढीसाठी केवढी मोठी गोष्ट होती.

पण चाळीत एक सोय होती ती टॉवरमधे गेली. चाळीची खोली दहा बाय बारा, पण रात्री बाप्ये आणि मोठी पोरं गॅलरीत झोपायची, उन्हाळ्यात गच्चीवर, गणपतीत मंडळाच्या ऑफिसात. वयात आलेला मुलगा घरातच राहायचा पण झोपायला, मित्रांशी बोलायला, रडायला सुद्धा घराबाहेर जागा होती. खोली लहान आणि बाहेरचं मोठं असं ते होतं. टॉवरमधे फ्लॅटचा दरवाजा लागला की संपलं, बाहेर कॉरिडॉर, त्यात गादी टाकली तर सोसायटी नोटीस काढते. लोक म्हणतात आधीच्या काळी दहा-दहा माणसं एका खोलीत सुखाने राहायची मग आताच्या मुलांना काय होतंय, त्यांनी हा फरक एकदा नीट बघावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तर या २२५ फुटात चौघं. भाओजी ६१, खाजगी कंपनीतून रिटायर. ताई ५७, घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. भाचा ३०, लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्सला, हातात ४६ हजार येतात. भाची २६, पॅथॉलॉजी लॅबमधे, २४ हजार. रात्रीची रचना अशी की बाहेरच्या खोलीत भाओजी दिवाणावर, भाचा खाली गादीवर, किचनमधे ताई आणि भाची. शिलाई मशीन रात्री ओट्याजवळ सरकवायचं तेव्हा भाचीला पाय पसरायला जागा व्हायची. भाओजींच्या बातम्या अकरापर्यंत, त्याच्याआधी भाच्याची गादी पडायची नाही. सकाळी पावणेसहाला ताईचा कुकर, की भाची उठलीच.

भाचा बाहेर का नाही पडला हे नातेवाईक बारा वेळा विचारून झाले. एका लग्नात तर कोणीतरी त्याच्या तोंडावर म्हटलं, आईच्या पदराला किती दिवस धरून राहणार. मला त्या बाईचा राग अजून गेलेला नाही. त्याने सत्ताविसाव्या वर्षी प्रयत्न केला होता, दोन मित्र मिळून परळमधे वन बीएचके बघितला, भाडं ३५ हजार, वर डिपॉझिट, वर एक महिन्याचं भाडं ब्रोकरला, ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं म्हणजे पुढच्या वर्षी परत तेच, आणि एवढं करून दोन सोसायट्यांनी सांगितलं बॅचलर चालणार नाहीत. ऑफिस घरापासून बसने वीस मिनिटं. अशा वेळी कोण शहाणा माणूस ३५ हजाराच्या मागे लागेल? घरात राहणं हा त्याचा आळस नव्हता, सरळ हिशोब होता, आणि मुंबईत असा हिशोब करणारी हजारो मुलं-मुली आहेत, कमावती, जबाबदार, सगळी रात्री हॉलमधे गादी पसरून झोपतात.

मला खरं काय चाललंय ते कळलं लिफ्ट बंद होती त्या दिवशी. जिन्याने चढत होते, मधे रेफ्यूज एरियाचा मजला लागतो, आग लागली तर लोकांनी जमायचं म्हणून मोकळा ठेवलेला, तिथे डक्टच्या बाजूला भाचा बसलेला, फोनवर. खाली वर्तमानपत्राची चौपदरी घडी. मला बघून उठला, फोन ठेवला, आणि ती घडी उचलून पाइपच्या मागे सरकवली. इतक्या सवयीने सरकवली की मला कळलं ती तिथेच राहते. वॉचमनला पण माहीत होतं, त्याने नंतर सांगितलं, दादा रोज साडेनऊ ते अकरा असतात. भाओजींच्या बातम्या संपेपर्यंत. होणाऱ्या बायकोशी तो दोन वर्षं त्या मजल्यावर बसून बोलला होता आणि घरात कोणाला नावही माहीत नव्हतं.

मुलगी डोंबिवलीची, ऐरोलीला नोकरी. ताईला आवडली, सगळं छान, मग मुलीच्या आईने साधा प्रश्न विचारला, दोघं राहणार कुठे? भाओजी म्हणाले, राहणार कुठे म्हणजे, हे घर त्याचंच आहे. मुलीची आई काही बोलली नाही, तिने फक्त किचनकडे बघितलं. घरी आल्यावर भाचा म्हणाला आम्ही डोंबिवलीला भाड्याने बघतोय, आणि तिथून पुढचे सहा आठवडे त्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. भाओजींचं म्हणणं, एवढं वाढवलं, आता बायको आली नाही तर वेगळा निघाला. ताई काही म्हणायची नाही, डबा मात्र रोज पावणेसहाला भरायची आणि भाचा तो न नेता जायचा.

आता माझी चूक. ताईने फोन केला तेव्हा मी लगेच म्हटलं, अगं जाऊ दे त्याला, तीस वर्षांचा झाला, आता तरी सोड. मला वाटलं मी मुलाची बाजू घेतेय म्हणजे न्यायाची बाजू घेतेय. ताईने फोन ठेवला आणि दोन आठवडे उचलला नाही. पतपेढीत कोणी कर्जाचा हप्ता चुकवला तर मी आधी विचारायचे, काय झालं, घरात काय अडचण आहे, आणि इथे सख्ख्या बहिणीला न विचारता निकाल देऊन मोकळी झाले. तिला जाऊ द्यायचं नव्हतं असं नव्हतंच, तिला भीती कशाची होती ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी न कळवता गेले, जेवण झाल्यावर म्हटलं, वही काढा. घरात कोरी वही नव्हती तर ताईने मापाची वही दिली, पुढून बायकांची मापं, छाती, कंबर, बाही, ब्लाउजची उंची, मी मागून सुरुवात केली. महिन्याचा खर्च सांगा, एकेक. किराणा साडेसात हजार, दूध-भाजी पाच, मेंटेनन्स दोन, लाइटबिल अठराशे, गॅस नऊशे, भाओजींची बीपीची आणि ताईची गुडघ्याची औषधं मिळून बत्तीसशे, मोबाईल आणि नेट एकोणीसशे, गावचं, सण, आहेर वगैरे सरासरी अठ्ठावीसशे. बेरीज २५,१००. मग येतात किती. भाओजींचं पीएफवालं पेन्शन २,८००, ताईच्या शिलाईचे सरासरी ६,५००, भाची देते ५,०००. झाले १४,३००. उरलेलं कोण भरतं? भाचा ८ हजार आईच्या हातात द्यायचा आणि लाइटबिल, मोबाईल, नेट परस्पर भरायचा ते ३,७००, म्हणजे ११,७००.

भाओजींना हे माहीतच नव्हतं. त्यांच्या डोक्यात ताईला मुलगा हातखर्चाला काहीतरी देतो एवढंच होतं. ताईला आकडा पाठ होता पण ती बोलत नव्हती, कारण बोललं असतं तर आई पैशासाठी मुलाला अडवते असं झालं असतं. भाचा गेला तर २५,१०० मधून १४,३०० वजा जाता दर महिन्याला १०,८०० कमी पडणार होते. सहा आठवडे त्या घरात संस्कार, आजकालची मुलं, सुनेचं वळण असल्या सगळ्या गोष्टींवरून भांडण झालं आणि जी गोष्ट होती तिचं नाव कोणी काढलं नाही. मी आकडा लिहून त्याच्याभोवती गोल केला तेव्हा ताई रडली, आणि भाचा म्हणाला, आई मी गेलो म्हणजे द्यायचं बंद करणार असं तुला कोणी सांगितलं?

मग भाओजी उठले, कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. एफडीची पावती, ९ लाख, पीएफचे पैसे, व्याज मुद्दलात जमा होत राहील अशी लावलेली. याच्या घरासाठी ठेवलेत म्हणाले. म्हणजे बघा, घरात दर महिन्याची ओढाताण, बायको डोळे फोडून रात्री फॉल लावतेय आणि नऊ लाख मुलाच्या घरासाठी बाजूला, आणि मुलाला ते माहीत नाही. भाच्याकडे स्वतःचे ४ लाख २० हजार होते, ते पण घरासाठीच, ते बापाला माहीत नाही. एका खोलीत दोन फुटांच्या अंतरावर झोपणारी ही दोन माणसं.

मला वाटलं आता सुटलं सगळं, तर भाची बोलली. ती इतका वेळ भांडी घासत होती. हात पुसत आली आणि म्हणाली, पप्पा, हे घर दादाचंच आहे असं तुम्ही त्या लोकांना सांगितलंत, मग मला पण आत्यासारखं हक्कसोडपत्र करायला लावणार का?

खोलीत एकदम शांतता. आत्या म्हणजे भाओजींची बहीण. २०१९ ला आजी गेल्यावर तिने हक्कसोडपत्र रजिस्टर करून दिलं आणि घर भाओजींच्या नावावर झालं, सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, तिने काय मागितलं किंवा मागावंसं वाटलं का हे कोणी विचारलं नाही, मी पण नाही. भाचीने पुढे एकच वाक्य म्हटलं. दादा कुठे झोपतो याची चर्चा सहा आठवडे चाललीये, मी कुठे झोपते ते कोणी विचारलं नाही.

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे. मुलगा तिशीपर्यंत घरी राहिला तर त्याला लहान मूल म्हणून सांभाळलं आणि त्याच्याकडून कर्त्या पुरुषाचे पैसे घेतले. मुलगी सव्वीसपर्यंत राहिली तर तिला पाहुणी धरलं, आज ना उद्या जाणार, आणि तिच्याकडूनही पैसे घेतले. दोघांपैकी एकालाही घरातलं बरोबरीचं माणूस म्हणून कोणी विचारलं नव्हतं. भाओजी वाईट नाहीत, मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखते, त्यांनी जे बघितलं तेच केलं. पण कायद्याने सांगायचं तर वडील मृत्युपत्र न करता गेले तर बायको, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो, सोसायटीत एकाचं नाव नॉमिनी म्हणून घातलं की घर त्याचं झालं हाही गैरसमज, नॉमिनी फक्त सांभाळणारा असतो. हे मी तिथे बसून सांगितलं, भाचीच्या बाजूने म्हणून नाही, भाओजी जे वचन वाटत फिरत होते त्या नुसत्या तोंडी वचनाने घर भाच्याचं होत नव्हतं म्हणून.

त्या दिवशी एवढ्यावर उठलो. पुढच्या दोन रविवारी पैशाचं बोललो. भाओजींचा हट्ट की नऊ लाख घ्या आणि घरच घ्या, भाड्यात पैसे कशाला घालता. मुलांनी बदलापूरला एक फ्लॅट बघितला होता, ३८ लाखाचा. मी मांडून दाखवलं. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३० लाख ४० हजार, उरलेले ७ लाख ६० हजार आपले. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के धरली तर २ लाख ६६ हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार. साडेदहा लाखाच्या वर रोख लागणार आणि वीस वर्षं साधारण साडेसव्वीस हजाराचा हप्ता, ४६ हजार पगारात. त्यात बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, संध्याकाळी दादरला गाडीत शिरायला मिळालं तर नशीब. आणि म्हातारा-म्हातारीचे नऊ लाख संपले तर उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर कोणाकडे बघायचं? आईबापाची सगळी पुंजी मुलाच्या डाउन पेमेंटमधे घालायला माझा ठाम विरोध आहे, पतपेढीत असताना अशी घरं फार बघितली, दोन्हीकडची माणसं अडकून पडतात.

भाच्याने स्वतःच म्हटलं, पप्पा ते पैसे तुमचे आहेत, मला नकोत. भाओजींना ते लागलं. दोन दिवस बोलले नाहीत. पण मग एफडी मोडून सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममधे टाकायला तयार झाले, साठच्या वर वय लागतं ते होतंच, तेव्हा दर ८.२ टक्के होता, व्याज तीन महिन्यांनी खात्यात येतं. नऊ लाखाचे तिमाही १८,४५०, महिन्याला पडतात ६,१५०. भाचा गेल्यावर जेवणखाण, लाइट, मोबाईल धरून खर्च तीनेक हजाराने उतरणार, म्हणजे तूट ७,८०० वर येते, त्यातून हे ६,१५० गेले की उरतात १,६५०. भाच्याने ५ हजार दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचं ठरलं, वहीत लिहिलं, रक्कम, तारीख आणि पुढे शब्द लिहिला घरखर्च. हातखर्च नाही, मदत नाही. हा शब्द भाचीने सुचवला. तिचेही ५ हजार त्याच नावाखाली लिहिले, शेजारी शेजारी.

मृत्युपत्राचं भाओजींनी केलं, पण मी म्हटलं म्हणून नाही आणि लगेचही नाही. चार महिन्यांनी एक दिवस ते आत्याकडे विरारला एकटेच जाऊन आले, काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ताईच्या पश्चात घर दोघांना निम्मं निम्मं असं लिहून ठेवलं. ते रजिस्टर करणं सक्तीचं नसतं, तरी त्यांनी केलं.

भाचा आणि सून डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या वन बीएचकेत राहतात, १३ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट. तो सकाळी दादरपर्यंत फास्ट पकडतो, ती ठाण्याला बदलून ट्रान्स हार्बरने ऐरोलीला. तो दमतो, चेहऱ्यावर दिसतं, पहिले तीन महिने मला म्हणायचा, मावशी बसने वीस मिनिटांचं ऑफिस सोडून मी काय केलं. हे लपवण्यात अर्थ नाही, त्याला ते जड गेलंय. ताईलाही गेलंय, पावणेसहाला अजून जाग येते म्हणते, आणि कुकर लावायला काही नसतं.

भाची घरीच आहे आणि तिला सध्या घरीच राहायचंय. आता ती बाहेरच्या खोलीत झोपते, भाओजी स्वतः दिवाण सोडून आत ताईच्या बाजूला गेले, तेव्हापासून बातम्या दहाला बंद होतात कारण टीव्ही तिच्या खोलीत आहे. दादाचं कपाट तिचं झालं. म्हाडाच्या सोडतीत तिने स्वतःच्या नावाने अर्ज भरला, तिला वाटायचं वडिलांच्या नावावर म्हाडाचंच घर आहे तर आपल्याला भरताच येणार नाही, पण तिथे बघतात ते अर्जदार, नवरा-बायको आणि अज्ञान मुलं यांच्या नावावर घर आहे का, कमावत्या अविवाहित मुलीच्या आड बापाचं घर येत नाही. वर्षाचं उत्पन्न सहा लाखांच्या आत असल्याने अत्यल्प गटात बसली. पहिल्या वेळी लागलं नाही, अनामत परत आली, परत भरणार आहे. लग्नाचं काय असं कोणी विचारलं की आता ताईच सांगते, तिचं ती बघेल.

मागच्या महिन्यात भाच्याचे पैसे ५ तारखेला आले नाहीत. पूर्वीची ताई असती तर गप्प बसली असती, दुकानात उधारी केली असती आणि मनात कुढत राहिली असती. तिने ७ तारखेला फोन केला, म्हणाली, अरे घरखर्चाचे राहिलेत. तो म्हणाला आई पगार उशिरा झाला, परवा टाकतो. नऊला आले. मी रविवारी गेले तर तिने मापाची वही मागून उघडून दाखवली, ५,०००, तारीख ९, आणि त्याच पानाला पुढच्या बाजूने सुनेच्या ब्लाउजचं माप.